खुर्ची आणि सोबत तिघे

मित्रांनो, मी एक जुनी व्हीलचेअर आहे. किती जुनी ते विचारू नका. पाठीचं कापड दोनदा बदललंय आणि उजव्या हातावरचं रेक्झिन उसवून आतला स्पंज डोकावतो, यावरून काय तो अंदाज बांधा. माझा स्वभाव मात्र आधीच सांगून टाकते, नंतर तक्रार नको. मला एका जागी चैन पडत नाही. पुढचं डावं छोटं चाक सारखं थरथरतं. जरा उतार मिळाला की मी निघालेच! रुग्णालयातली एक नर्स म्हणायची, "हिला मुंग्या चावतात की काय!" चावतात हो. काय करू?

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. तोंडापुढे काळी काच धरलेल्या वेल्डरने माझे पाइप जोडले. शेवटी नट आवळायला एक बाई होत्या. त्या प्रत्येक चाक तळहाताने एकदा फिरवायच्या, कान देऊन ऐकायच्या आणि मगच पुढच्या खुर्चीकडे वळायच्या. माझं चाक त्यांनी फिरवलं, ते थांबायचं नावच घेईना. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ही पळणार." आयुष्यातलं माझं पहिलं कौतुक ते. अजून विसरले नाही.

आणि खरंच, मी पळाले. रुग्णालयात दिवसभर धावपळ असायची. तपासणीच्या खोलीतून एक्स-रेकडे, एक्स-रेतून लिफ्टकडे, लिफ्टमधून वॉर्डात. कोणी माझ्यात बसून रडायचं, कोणी बाळ मांडीवर घेऊन घरी निघायचं. वॉर्डातल्या मावशी मुद्दाम मलाच ओढून न्यायच्या. "ती दुसरी नको, तिला ढकलताना कंबर जाते. ही द्या." ऐकून मी आणखी जोरात धावायचे. ते दिवस माझे फार सुखाचे होते.

मग नव्या खुर्च्या आल्या. करड्या रंगाच्या, गुळगुळीत, आवाज न करणाऱ्या. मला घडी घालून जिन्याखाली उभं केलं. शेजारी एक मोडका स्ट्रेचर आणि एक सलाइनचा वाकडा स्टँड. दोघंही बोलण्यातले नव्हते. माझ्या तारांमध्ये कोळ्याने जाळं विणलं. वरून दिवसभर पावलं धडधडत जायची आणि मी खाली उभी. जिच्या अंगात पळणं आहे तिला असं कोंडून ठेवू नये, मित्रांनो. त्या जिन्याखाली मी नुसती तडफडत होते.

एक दिवस मेट्रनबाईंचा आवाज आला. "ती जिन्याखालची घेऊन जा. पडूनच आहे." पडूनच आहे! शब्द लागला मला. पण बाहेर तर पडायला मिळणार होतं. मला न्यायला आलेल्या माणसाने रुमालाने माझी धूळ पुसली, जाळं काढलं. त्याला त्याची बहीण दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणते. ती बहीण म्हणजे आमची आत्या. दुकानाच्या माळ्यावरून उतरताना ती शिडीवरून पडली होती आणि तिच्या दोन्ही पायांतली ताकद कायमची गेली होती. ती माझ्यात पहिल्यांदा बसली तेव्हा नुसती माझ्या चाकांवरच्या कड्या चाचपत राहिली.

आत्या कपडे शिवते. पायाची मशीन गेली आणि मोटरची आली. तिचं पायडल टेबलावर ठेवून आत्या ते कोपराने दाबते. हात असे भक्कम की जाड पडद्याचं कापड एका दमात कापते. जिभेला धारही तशीच. पण दादापुढे तिच्या तोंडाला कुलूप लागतं. दादा वाईट नाही हो! उलट फार प्रेमळ. इतका प्रेमळ की त्याच्यासमोर शिंकायचीही चोरी. पाण्याचा पेला हातात, उशी पाठीला, पंखा कमी, खिडकी बंद. "तू बस, मी आहे ना." दिवसातून वीस वेळा. आत्या बसते. उभं राहणं शक्य नसलेल्या माणसाला "तू बस" म्हणायचं म्हणजे कमालच, पण दादाच्या ते लक्षातच येत नाही.

आता एक गुपित सांगते. ते त्या घरात फक्त मला माहीत होतं. रोज सकाळी आत्या खोलीचं दार आतून लावते. मला पलंगाला तिरकी लावते, दोन्ही ब्रेक ओढते, पायपट्ट्या बाजूला सारते, माझा हात काढून ठेवते. मग एक तळवा माझ्यावर, एक पलंगावर, आणि "एक, दोन, हं!" की आली इकडे. तसंच न्हाणीतल्या स्टुलावर, तसंच परत. कोणाची मदत नाही. दादाला वाटतं वहिनी करते. वहिनीला वाटतं दादा करतो. दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही, आणि आत्याने सांगितलं नाही.

सांगितलं का नाही? माझ्यामुळे. मागच्या वर्षी एकदा फरशी ओली होती. आत्याने "हं!" म्हटलं आणि माझा डावा ब्रेक सुटला. मी सरकले. धाडकन ती खाली. तासभर ती फरशीवर बसून होती. ओरडली नाही. पलंगाची पट्टी धरून, घामाघूम होऊन, शेवटी आपली आपण वर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "कोणाला बोलू नकोस. त्याला कळलं तर तो हेही बंद करेल." मी कोणाला बोलणार? पण त्या दिवसापासून माझ्या स्वभावाची मलाच लाज वाटायला लागली.

अशात शाळेला सुटी लागली आणि दादाच्या लेकीने थीम पार्कचा हट्ट धरला. वय वर्षं दहा, घरात नाव भिंगरी, का ते सांगायला नको. दादा म्हणाला, "आत्यालाही नेऊ. तिला जरा बदल." आत्याने आदल्या दिवशीच घालायचे कपडे काढून ठेवले. जायच्या दिवशी सकाळी तिने मशीनचं तेल आणून माझ्या चाकांना घातलं. मला म्हणाली, "तिथे म्हणे मोठं जहाज आहे. झोके घेतं. मला त्यात बसायचंय. सहा वर्षं जो तो मला घाबरवतोय, डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत. एकदा मजेने घाबरायचंय गं." माझी सगळी चाकं शहारली. तिने मागितलेली एवढी एकच गोष्ट मी ऐकलीय.

पार्कच्या दारात खिडकीतल्या माणसाने माझ्या हँडलला निळी पट्टी बांधली. "खुर्ची आणि सोबत तिघे," तो म्हणाला. "रांगेत थांबायचं नाही. जिथून लोक बाहेर येतात त्या उताराने वर जायचं." भिंगरीने उडीच मारली. दादा, वहिनी, भिंगरी: तिघे बरोब्बर.

आणि मग काय विचारता! पाळण्यांपाशी आम्ही उताराने वर गेलो. तिथल्या मुलाने दादाला विचारलं, "या बसणार का?" दादा म्हणाला, "नाही नाही, ती इथेच बसेल. आम्ही तिघे." तिघे बसले, फिरले, हसत आले. पुढे पाण्याच्या होड्या. "या बसणार का?" "नाही, ती बसलीय आरामात." पुढे अंधारी गुहा. पुढे टकरा मारणाऱ्या मोटारी. चार ठिकाणी तोच प्रश्न, चार ठिकाणी तेच उत्तर. प्रश्न दादाला, उत्तर दादाचं. मध्ये आत्या बसलेली, तिच्या डोक्यावरून बोलणं चाललेलं. रांगेत दोन-दोन तास उन्हात तापणारे लोक आमच्याकडे बघायचे. खुर्चीमुळे तिघांची चैन झाली होती. खुर्चीत जी होती ती मात्र उताराशी.

बरं, नुसती थांबली असती तर एक वेळ चाललं असतं. माझ्या एका हँडलला वहिनीची पर्स, दुसऱ्याला दादाची बॅग, पाठीवर भिंगरीचं भिजलेलं जाकीट, आत्याच्या मांडीवर चार बाटल्या आणि तिघांच्या टोप्या. खुंटी झाली होती माझी! अंगाचा नुसता तिळपापड. आत्याचे हात माझ्या कड्यांवर. पुढे ढकलायची, मागे ओढायची. पुढे, मागे. जागच्या जागी. आम्ही दोघी मिळून तिथली फरशी झिजवत होतो. कानावर सतत किंकाळ्या, चाकांची घरघर, मधूनच शिट्टी. सगळं जग हलत होतं, आणि आमची मजल वीतभर.

"कंटाळलीस का गं?" वहिनीने एकदा विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. मला चाक आपटावंसं वाटलं.

मग आलं जहाज. लांबून दिसत होतंच. दोन्ही टोकांना वर चढणारं, पोटातून घुर्रर्र करणारं. बाकांच्या ओळी, आडवा लोखंडी दांडा. चालवणारी एक टोपीवाली बाई होती, गळ्यात शिट्टी. उताराने आम्ही फलाटावर आलो आणि तिनेही दादालाच विचारलं, "यांना उचलावं लागतं का?"

"हो, तिला नाही जमत," दादा म्हणाला. "ती इथेच—"

"अहो, मला विचारा की," आत्या म्हणाली.

आवाज फार मोठा नव्हता. पण दादा असा दचकला, जणू बॅगच बोलली. टोपीवालीने मान खाली करून पहिल्यांदा आत्याकडे बघितलं. "बरं. तुम्हाला विचारते. आमचा माणूस हात लावणार नाही, तसा नियम आहे. आपलं आपण बाकावर यायचं, ताठ बसायचं, दोन्ही हातांनी दांडा धरायचा. जमेल?"

"जमेल."

"अगं, काय जमेल?" दादा खाली वाकला. हळू बोलत होता, पण घाबरलेला. "इतक्या लोकांत पडलीस म्हणजे? तुला नाही जमत ते. मी सहा वर्षं बघतोय ना."

"तू सहा वर्षं माझं बंद दार बघतोयस, दादा."

वहिनीने दादाकडे बघितलं. दादाने वहिनीकडे. "म्हणजे रोज सकाळी तू नाही...?" "मी? मला वाटलं तुम्ही!" दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले. रांगेतून कोणीतरी ओरडलं, "किती वेळ लागणार आहे?" टोपीवालीने त्या दिशेला अशी शिट्टी फुंकली की पुढचा प्रश्न आलाच नाही.

आणि मित्रांनो, इकडे माझा जीव टांगणीला. कारण फलाटाला उतार होता. पाणी निघून जावं म्हणून किंचित, तुमच्या लक्षातही येणार नाही इतका. पण मला पुरेसा. डावा ब्रेक तसाच ढिला. बाक माझ्या बैठकीपेक्षा चार बोटं उंच, मध्ये हातभर फट. इथे मी सरकले असते तर आत्या थेट त्या फटीत. आणि मग जहाज तर सोडाच, ती खोलीच्या दाराची कडीसुद्धा दादाने काढून टाकली असती. आत्याला हे सगळं माझ्याइतकंच ठाऊक होतं. ब्रेक ओढताना तिचा हात थांबला.

दादा पुढे झाला. नेहमीसारखे दोन्ही हात तिच्या काखेत घालायला. "थांब, मी उचलून ठेवतो."

"मला नको धरू," आत्या म्हणाली. "खुर्ची धर. डावा ब्रेक सुटतो तिचा."

"सुटतो? कधीपासून?"

"नंतर भांड. आता धर."

दादा गुडघ्यांवर बसला. त्या ओल्या फलाटावर, चांगली पँट घालून. एक हात माझ्या डाव्या चाकाला, एक उजव्या. खरं सांगते, आजवर मला किती जणांनी ढकललं, ओढलं, उचललं, फेकलं. पण असं जिवाच्या आकांताने थांबवून कोणी धरलं नव्हतं. माझ्या पळण्याच्या खोडीचं पाणी झालं. मी गप्प उभी राहिले.

आत्याने माझा हात काढून भिंगरीकडे दिला. एक तळवा माझ्यावर, एक बाकावर. "एक, दोन, हं!" अंग वर आलं, बाकाची कड लागली, आणि ती परत माझ्यातच बसली. रांगेतून "अरेरे" झालं. दादाचा उजवा हात माझ्यावरून सुटला, तिच्याकडे गेला, आणि अर्ध्यातच थांबला. त्याने तो परत आणून चाकावर ठेवला. मला वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यांत अवघड काम ते होतं.

"जरा पुढे घे तिला. दोन बोटं," आत्या म्हणाली. त्याने मला दोन बोटं पुढे घेतलं. "एक, दोन..." तिसरा शब्द ऐकूच आला नाही, कारण ती बाकावर होती! भिंगरीने किंकाळी फोडली. आत्याने आपले पाय एकेक करून हातांनी उचलले आणि आत ठेवले, जशी कापडाची थप्पी उचलून ठेवते तशी. मग वर बघून म्हणाली, "मला शेवटच्या ओळीत बसायचं होतं."

"मधलीच," टोपीवाली म्हणाली. "फलाट इथेच लागतो. ओरडायला मधून पण येतं."

भिंगरी एका बाजूला, वहिनी दुसऱ्या. दांडा खाली आला. फलाटावर खुर्ची ठेवायची नव्हती, म्हणून दादा मला, सगळ्या बॅगा आणि बाटल्या घेऊन उताराने खाली आला. बसायला दुसरं काही नव्हतं. तो माझ्यात बसला.

जहाज हललं. घुर्रर्र. एकदा इकडे, एकदा तिकडे, मग उंच, मग आणखी उंच. तेवढ्यात एक सुरक्षारक्षक आला. दादाच्या शेजारी कोणी अनोळखी बाई उभी होती, तिला तो म्हणाला, "यांना जरा बाजूला घ्या हो, वाट अडते."

"माझे नाहीत ते," बाई म्हणाली.

"मग यांच्यासोबत कोण आहे? यांना ऐकू येतं का?"

"अहो, मी इथे बसलोय ना!" दादा भडकला. "मला तोंड आहे. मला सांगा की!"

रक्षक ओशाळला, "सॉरी साहेब" म्हणून निघून गेला. दादा मात्र तसाच बसून राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याने वर बघितलं. जहाज टोकाला जाऊन क्षणभर थांबलं होतं आणि तिथून एक आवाज येत होता, बाकीच्या सगळ्या आवाजांच्या वरचा. शिव्या नव्हत्या, पण शिव्यांच्या फार जवळचं काहीतरी होतं. "मेले मेले मेले! अजून! अजून!" आत्या होती ती. केस सुटलेले, तोंड उघडं. दादाने मांडीवरच्या टोप्या तोंडाशी धरल्या. तो हसत होता की रडत होता, मला मागून दिसत नव्हतं. खांदे हलत होते एवढं खरं.

जहाज थांबलं तेव्हा तो मला घेऊन फलाटावर पोचला आणि कोणी सांगायच्या आत गुडघ्यांवर बसला. आत्या परत माझ्यात आली. तिचं अंग तापलेलं होतं, छाती धडधडत होती, पाठीतून ती धडधड मला कळत होती. तिच्या मांडीवर या वेळी कोणी बाटल्या ठेवल्या नाहीत. सगळ्या बॅगा दादाच्या खांद्यावर, त्यामुळे तो जरा वाकडाच चालत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाना घेऊन तो माझ्यापुढे बसला आणि डावा ब्रेक असा आवळला की मला आता तिळभर सरकता येत नाही. चुळबुळ होते, पण मी सोसते.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आमच्या चाकांना तेल घाला, ब्रेक बघा, आम्हाला जिन्याखाली कोंडू नका. आणि काही विचारायचं झालं तर मागे उभ्या असलेल्याला विचारू नका. दोन पावलं पुढे या, जरा वाका, बसलेल्याला विचारा. उत्तर तुमच्या मनासारखं आलं नाही तरी तोंड पाडू नका. त्याच दिवशी जहाजानंतर आम्ही लाकडी घोड्यांच्या चक्राशी गेलो. ते अगदी सावकाश फिरत होतं, आणि खुर्चीसकट वर चढायला फळीसुद्धा होती. भिंगरी टाळ्या पिटायला लागली. तिथल्या म्हाताऱ्या माणसाने सवयीने दादाकडेच बघितलं.

"या बसणार का?"

दादाने माझी हँडलं घट्ट धरली. "त्यांना विचारा," तो म्हणाला.

म्हातारा आत्याकडे वळला. आत्याने घोड्यांकडे बघितलं, एक पूर्ण फेरी होईपर्यंत, अगदी निवांत.

"नको," ती म्हणाली. "मला नाही आवडत."